पुष्पांकित मृत्पात्रांची पारख

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत जी कलात्मक मृत्पात्रे घडली, त्यांवर फुलांची नक्षी विपुल आढळते. परंतु सर्वच फुले एकाच रीतीने उमटलेली नाहीत. संग्राहकाने प्रथम हा भेद ध्यानी घ्यावयास हवा.

ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८० मध्ये रूकवूड कारखाना स्थापन केला. तेथील चित्रकार रंगीत मातीच्या पातळ राळ्याने पात्रावर हाताने फुले रंगवीत. त्यावर पारदर्शक झिलई चढवून पात्र भाजले जाई. त्यामुळे फूल झिलईच्या आत बुडाल्यासारखे भासते. याउलट, ओहायोतीलच रोझव्हिल कारखान्याच्या उत्तरकालीन फुलदाण्यांवरील मॅग्नोलिया किंवा फ्रीझिया यांचा उठाव साच्यातूनच येई; हाताने भरावयाचा तो केवळ रंग. हा कारखाना १९५४ मध्ये बंद पडला.

पात्र हाती येताच ते उलटे करून तळ वाचावा. रूकवूडच्या १८८६ च्या मुद्रेत पाठीला पाठ लावलेली 'आर' व 'पी' ही रोमन अक्षरे असत. १८८७ पासून दरवर्षी तीवर एकेक ज्वाला वाढत गेली. सात ज्वाला म्हणजे १८९३. चौदा म्हणजे १९००. १९०१ पासून ज्वालांखाली वर्षाचा रोमन अंक येऊ लागला. जवळच अनेकदा चित्रकाराची आद्याक्षरेही सापडतात.

न्यू ऑर्लीन्स येथील महिला महाविद्यालयात १८९५ मध्ये सुरू झालेल्या न्यूकोम्ब कर्मशाळेत या आद्याक्षरांना विशेष मोल आहे. तेथे चाकावर पात्र घडविणारा बहुधा पुरुष असे, तर त्यावर स्थानिक वनस्पती रेखाटीत त्या स्त्रिया. कलेच्या इतिहासात ज्यांची नावे क्वचितच येतात, त्यांची साक्ष या तळावरच उरली आहे. तो खरवडून स्वच्छ करणे म्हणजे ती साक्ष पुसणे होय.

तथापि केवळ मुद्रेवर विसंबून चालत नाही. १९९० च्या दशकापासून रोझव्हिलच्या नकला चीनमधून बाजारात आल्या. त्यांतील पाकळ्यांचे उठाव बोथट व रंग भडक असतात. माठ घेताना गिऱ्हाईक टिचकी मारते, तशीच येथेही हलकेच मारावी. तडा गेलेले पात्र बद्द वाजते. डागडुजी मात्र डोळ्यांना व कानांना चकविते. ती पुष्कळदा अतिनील प्रकाशात उघडकीस येते.

शेवटी, प्रत्येक पात्र कोठून व केव्हा मिळाले याची नोंद ठेवावी. नोंदीविना संग्रह हा केवळ साठा ठरतो.