आगगाडींत मिळालेलें पुस्तक

इ. स. १८९३ मध्यें कवि नारायण वामन टिळक आगगाडीनें राजनांदगांवास जात असतां एका युरोपीय सहप्रवाशानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. ती प्रथम टिळकांस फारशी रुचली नाहीं. पण वाचण्याचें वचन दिलेलें, म्हणून ते वाचीत गेले, आणि डोंगरावरील प्रवचनाशीं येतांच पुस्तक खालीं ठेववेना. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आम्हां शिक्षकांस मात्र घाई फार! परवां हजेरी घेत असतां एका मुलानें त्याच प्रवचनांतलें विचारिलें, "गुरुजी, शत्रूवर प्रीति करावी ती कशी?" "उद्यां विचार," असें आम्ही म्हणालों. त्यानें पुन्हा विचारिलें नाहीं. आज मधल्या सुटींत आम्हीच त्याला शोधावयास जाणार आहों.