दूषित जमिनीची तपासणी : खर्च कोणीं करावा ?

जमीन खारावली किंवा चिबड झाली, तर तें शेतकऱ्याच्या डोळ्यांस दिसतें. परंतु शिसें, क्रोमियम, आर्सेनिक यांसारखीं द्रव्यें मातींत मुरलीं असतां वरून बहुधा कांहींच कळत नाहीं. पीक हिरवें उभें राहतें आणि विष भाजीबरोबर घरांत येतें. असा दोष प्रयोगशाळेंतच उघड होतो, व ती तपासणी गरीब गांवास परवडत नाहीं. मग खर्च कोणीं करावा ? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा विचार कसा झाला, तें आमच्या वाचकांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे.

न्यूयॉर्क संस्थानांत नायगारा फॉल्स येथें लव्ह कॅनाल नांवाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ पर्यंत एका रसायनाच्या कारखान्यानें त्यांत सुमारें २१,००० टन टाकाऊ द्रव्यें पुरलीं व पुढें ती जागा एक डॉलर किंमतीस शाळामंडळास दिली. तेथें शाळा झाली, भोंवतीं घरें झालीं. मग विष तळघरांत झिरपूं लागलें, आणि १९७८ सालीं सरकारास संकटस्थिति जाहीर करून लोकांस हलवावें लागलें. त्यावरून १९८० सालीं कायदा झाला. जमीन स्वच्छ करण्याची जबाबदारी घाण करणारावर, तशीच जमिनीच्या मालकावरही पडली.

कायद्याचा हेतु चांगला, परंतु त्यांतून नवी अडचण निघाली. जुन्या कारखान्याची जागा घेतली तर साफसफाईचा बोजा अंगावर येईल, या भीतीनें गिऱ्हाईक मिळेनासें झालें. केवळ संशयावरून जागा पडीक राहूं लागल्या, व त्यांतील पुष्कळ गरीब वस्तींतच होत्या.

म्हणून तेथील पर्यावरण खात्यानें १९९५ च्या सुमारास तपासणीसाठीं स्थानिक संस्थांस पैसा देण्यास आरंभ केला, आणि २००२ च्या कायद्यानें त्यास आधार दिला. एका जागेच्या तपासणीस साधारणतः दोन लक्ष डॉलरपर्यंत मर्यादा त्यांत ठरविली. लोकसंख्या थोडी किंवा उत्पन्न कमी असल्यामुळें ज्या गांवास दुसरीकडून पैसा मिळत नाहीं, त्याची गरज अर्ज निवडतांना पाहावी, असेंही त्यांत सांगितलें. साफसफाईच्या मदतीस शेंकडा २० हिस्सा घालण्याची अट होती. तपासणीस ती नव्हती. २०२१ सालीं या एकंदर कामासाठीं आणखी १५० कोटी डॉलर मंजूर झाले.

तपासणीच्या पायऱ्या दोन. पहिलींत मातीचें एकही ढेंकूळ उचलीत नाहींत. जुनीं खरेदीखतें, नकाशे व विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें पाहतात, जुन्या रहिवाशांस विचारतात, आणि जागेवरून फिरतात. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला असल्यामुळें या पायरीचें मोल आम्हांस विशेष वाटतें. दुसऱ्या पायरींत संशयाच्या ठिकाणचीच माती व भूगर्भांतील पाणी तपासतात. यामुळें पैसा व्यर्थ जात नाहीं.

आपल्याकडेही जुलै २०२५ मध्यें केंद्र सरकारनें दूषित स्थळांविषयीं नियम जाहीर केले. स्थानिक संस्थेनें किंवा जिल्हा प्रशासनानें संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनीं द्यावी, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हावी, आणि पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी व्हावी, असा क्रम आहे. घाण करणारा सांपडल्यास खर्च त्याचा. तो न सांपडल्यास किंवा त्यास ऐपत नसल्यास केंद्र व राज्य यांनीं सोय करावयाची आहे.

मात्र यादींत नांव गेल्यावांचून पुढचें कांहींच चालत नाहीं. जमिनीचा भाव पडेल म्हणून पुष्कळजण गप्प बसतात. पण झांकलेला दोष नाहींसा होत नाहीं. तो विहिरींत उतरतो. मृद् आरोग्य पत्रिकेंत बारा गोष्टींची तपासणी असते. तींत शिसें किंवा क्रोमियम येत नाहीं, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत राहूं नये.

यासाठीं कारखान्याजवळच्या किंवा त्याच्या सांडपाण्यावरच्या गांवांनीं पहिली पायरी स्वतःच चढावी. कोणत्या गटांत पूर्वीं काय होतें, सांडपाणी कोणत्या ओढ्यानें येतें, कोणत्या विहिरीचें पाणी कोणत्या सालापासून बदललें, हें सातबारा, फेरफार व वृद्धांच्या आठवणी यांवरून लिहून काढावें, नकाशावर खुणा कराव्या, आणि लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. यास पैसा फारसा लागत नाहीं. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. दप्तरांत चढलेल्या कागदास कोणास तरी उत्तर द्यावें लागतें.