कॅमेरा नंतर, जबाबदारी आधी: वाया चाललेल्या म्हणवणाऱ्या मुलांना व्हिडिओचं काम कसं शिकवायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत फोटो-व्हिडिओ स्टुडिओवाल्यांनी लग्नसराई नसताना काय करावं, हे आपण बघितलं. त्यातला एक मुद्दा होता, रिकाम्या रविवारी गावातल्या मुलांना शूटिंग आणि एडिटिंग शिकवण्याचा. तो नीट समजून घेऊ.

मी कोणत्या मुलांबद्दल बोलतोय? वय १४ ते १८. कुणाची शाळा आठवी-नववीत सुटलीय, कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेत, कुणी बालगृहात राहतंय, कुणी दिवसभर चौकात बसून असतं. त्यांना रील बनवता येतं. पण "हा वाया गेला" हे त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यांनाही ते पटायला लागलेलं असतं.

हे आधी कुणी केलंय का?

केलंय. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली स्टीव्हन गुडमन यांनी एज्युकेशनल व्हिडिओ सेंटर सुरू केलं. तिथे शाळेतली मुलं आपल्याच वस्तीतल्या प्रश्नांवर माहितीपट करतात. त्याच शहरातल्या साउथ ब्राँक्स या गरीब भागात २००० साली जो हॉल यांनी घेटो फिल्म स्कूल काढली. हॉल आधी समाजकार्यात होते. तिथे मुलं स्वतः लिहितात, दिग्दर्शन करतात आणि फिल्म पुरी करून दाखवतात.

आता तुम्ही म्हणाल, ते अमेरिकेत, आपल्याकडे कुठला एवढा पैसा? मग आपलं मालेगाव बघा. यंत्रमागाच्या या गावात नासिर शेख यांनी गावातलीच हौशी माणसं घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. मोठं सामान नसतानाही काम उभं राहतं. माणसं मात्र वेळेवर यावी लागतात.

मुलगा टिकतो कशामुळे?

बहुतेक जण पहिल्या दिवशी कॅमेरा हातात देतात. मुलं खूश होतात, दोन रविवार येतात, तिसऱ्या रविवारी गायब. कारण कॅमेऱ्याची नवलाई संपते. मुलगा टिकतो तो "मी नाही गेलो तर काम अडेल" हे कळल्यावर. म्हणून कॅमेरा शिकवण्याआधी कामांची वाटणी शिकवा.

सहा मुलांचं एक युनिट करा आणि सहा कामं ठरवा:

१. दिग्दर्शन: आज काय घ्यायचं, हे ठरवणं.
२. कॅमेरा.
३. साउंड: कानाला हेडफोन लावून बसणं.
४. नोंद: कोणता शॉट, कितवा टेक, चालेल की नाही, हे वहीत लिहिणं.
५. व्यवस्था: जागेची परवानगी, चहा-नाश्ता, वेळ.
६. डेटा: मेमरी कार्ड सांभाळणं आणि कॉपी करणं.

दर रविवारी कामं बदलायची. सगळ्यांनी सगळं करायचं.

यातलं सहावं काम सगळ्यात मोलाचं. शूटिंग परत करता येतं, पण कार्ड हरवलं किंवा कॉपी न करता फॉरमॅट झालं, तर सहा जणांचा दिवस गेला. मी दुकानदार आहे, म्हणून मला हे स्टॉक रजिस्टरसारखं वाटतं. तसंच रजिस्टर इथे ठेवा: कार्ड नंबर, कधी घेतलं, किती फाइल्स, पहिली कॉपी कुठे, दुसरी कॉपी कुठे, सही. दोन्ही कॉप्यांतल्या फाइल्स मोजून आणि दोन-चार चालवून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही.

ज्या मुलाच्या हातात घरी कुणी शंभराची नोट देत नाही, त्याला हे काम आवर्जून द्या. भाषण देऊ नका. कार्ड द्या, रजिस्टर द्या आणि बाजूला व्हा.

१२ रविवारांचा आराखडा

रविवार १ ते ३: फक्त मोबाईल आणि स्टँड. प्रत्येक शॉट १० सेकंद, कॅमेरा हलवायचा नाही. विषय एकच: वडापावची गाडी. पाच शॉट घ्यायचे: लांबून गाडी, गाडीवाला, त्याचे हात, कढई, खाणाऱ्याचा चेहरा. आधी गाडीवाल्याला आणि खाणाऱ्याला विचारायचं. अनोळखी माणसाकडे जाऊन "काका, शूटिंग करू का?" म्हणणं हाही धड्याचाच भाग.

रविवार ४ ते ६: आवाज आणि उजेड. मुलाखत घेताना पंखा बंद, माइक तोंडाजवळ. शेवटी सगळ्यांनी गप्प राहून ३० सेकंद त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटिंगमध्ये मधली कापाकापी झाकायला तो लागतो. ट्यूबलाइटखाली व्हिडिओ फडफडतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की फडफड बहुतेक थांबते. हे आधी सांगू नका. मुलांना फडफड दिसू द्या, कारण शोधू द्या, मग सांगा.

रविवार ७ ते ९: एडिटिंग. तयार झालेलं आधी आवाज बंद करून बघायचं. काय कळलं, काय नाही, हे प्रत्येकाने बोलायचं. "मस्त" आणि "बकवास" हे दोन शब्द बंद.

रविवार १० ते १२: गावातल्या एका खऱ्या दुकानासाठी ९० सेकंदांची फिल्म. दुकानदाराने तारीख द्यायची आणि दुरुस्त्याही सांगायच्या. बाहेरच्या माणसाने "हे चालेल, मी लावतो" म्हणणं आणि सरांनी पाठ थोपटणं, यात फार फरक आहे.

कुणी आलंच नाही तर?

येणार नाही, हे धरूनच चाला. शनिवारी संध्याकाळी व्यवस्थेवाल्या मुलाने सगळ्यांना फोन करायचा. तरीही नाही आला, तर त्याचं काम दुसऱ्याने करायचं. काम थांबवायचं नाही आणि नावही कापायचं नाही. पुढच्या रविवारी त्याच कामावर तो परत. त्याला आजवर सगळीकडून काढलेलंच आहे. तुम्हीही काढलंत, तर त्यात नवीन काही नाही.

कायद्याच्या चार गोष्टी, या टाळू नका

१. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नका. १४ ते १८ वयाच्या मुलांना कामावर घेतलं, तर विश्रांती धरून दिवसाला ६ तासांच्या वर नाही, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम अजिबात नाही. म्हणजे रात्रीच्या वरातीला, रिसेप्शनला यांना नेता येत नाही. शिकवणीच्या नावाखाली फुकट हेल्पर मिळवायचा विचार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

२. मुलगा बालगृहातला असेल किंवा त्याच्यावर केस असेल, तर त्याची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे. चेहरा, नाव, शाळा काहीही नाही. संस्थेच्या अधीक्षकांशी आणि बाल कल्याण समितीशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नका.

३. पालकांची लेखी परवानगी घ्या. बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला शिकवू नका, दुसरा मोठा माणूस हजर हवाच.

४. एखाद्या मुलाने घरच्या मारहाणीबद्दल किंवा त्याहून गंभीर काही सांगितलं, तर ते ऐका, शूट करू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

आणि एक माझ्याकडून. मुलांच्या गरिबीचा व्हिडिओ बनवून स्टुडिओची जाहिरात करू नका. त्यांनी बनवलेली फिल्म दाखवा, तीच पुरेशी आहे.

यात धंद्याचा फायदा काय?

प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्या वर्षी काहीच नाही. उलट रविवार जातील, एखादा स्टँड मोडेल. पण ज्याने १२ रविवार डेटाचं रजिस्टर चोख ठेवलं, असा १८ पूर्ण झालेला मुलगा कामाला ठेवायला मिळणं, ही छोटी गोष्ट नाही. हंगामात माणूस मिळत नाही, हे रडगाणं आपण दरवर्षी गातोच ना? सहा जणांतला एखादाच या धंद्यात येईल. बाकीचे वेळेवर येणं, नोंद ठेवणं आणि अनोळखी माणसाशी नीट बोलणं घेऊन कुठल्याही कामाला जातील.

सुरू करण्याआधी मात्र कॅलेंडर काढा. सलग १२ रविवार देता येतील का? मुहूर्त, घरचं लग्न, दिवाळी, सगळं धरून बघा. जमत नसेल तर सहाच करा, पण सहा म्हणजे सहा. या मुलांना मध्येच सोडून जाणारी माणसं भरपूर भेटलेली असतात, त्यात आपली भर नको.

या आठवड्याचा गृहपाठ: एका कागदावर तीन गोष्टी लिहा. तुमचे मोकळे रविवार. हजर राहू शकणारा दुसरा मोठा माणूस. आणि फिल्म करून घ्यायला तयार असलेल्या एका दुकानदाराचं नाव. हे तीन रकाने भरले, की मगच मुलांना बोलवा. चला, भेटू पुढच्या व्हिडिओत.