तारेवरून आलेली फाईल

इ. स. १९७७ च्या सुमारास घरी संगणक बाळगणारी माणसे अमेरिकेतही विरळाच होती. शिकागो शहराच्या परिसरात राहणारे वॉर्ड ख्रिस्टेन्सन हे त्यांपैकी एक. ते आय. बी. एम. या संगणक बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस होते, आणि घरचा संगणक हा त्यांचा फावल्या वेळचा नाद होता. आपण रचलेली आज्ञावली दुसऱ्या गावच्या स्नेह्यास द्यावयाची, तर चकती टपालाने धाडावी लागे. तीच आज्ञावली दूरध्वनीच्या तारेवरून धाडता आली तर?

त्यासाठी मोडेम नावाचे यंत्र होते. ते संगणकातील अंकांचे स्वर करी. स्वर तारेतून जात आणि पलीकडचा मोडेम त्यांचे पुन्हा अंक करी. वेग मात्र सेकंदाला अवघी तीस अक्षरे! आजच्या फोनने काढलेले तीस लक्ष अक्षरांएवढे छायाचित्र त्या वाटेने आणावयास जवळजवळ अठ्ठावीस तास लागले असते.

तथापि खरी अडचण वेगाची नव्हती. तार मधूनच खरखरे आणि एखादे अक्षर बिघडे. पत्रात एखादा अनुस्वार गळाला, तरी वाचणारा अर्थ जाणून घेतो. यंत्रास असा समजूतदारपणा कोठून यावा? एक अक्षर चुकले, की सारी आज्ञावली अडून बसे. आणि चूक कोठे झाली, हेही कळत नसे.

ख्रिस्टेन्सन यांनी यावर साधा तोडगा काढला. फाईल सलग न पाठविता तिचे एकशे अठ्ठावीस अक्षरांचे तुकडे करावयाचे. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी त्याचा क्रमांक आणि शेवटी एक ताळा. संगणकात प्रत्येक अक्षर म्हणजे ० ते २५५ यांतील एक अंकच असतो. तुकड्यातील सर्व अंकांची बेरीज करून तिला २५६ ने भागावे. जी बाकी उरेल तो ताळा. समजा, अंक तीनच आहेत : १००, ९० आणि ८०. बेरीज २७०, म्हणून ताळा १४. वाटेत ९० चे ९१ झाले, तर पलीकडे ताळा १५ येईल आणि चूक तत्काळ उघडी पडेल. मग घेणारा संगणक 'पुन्हा पाठवा' असा संकेत धाडी. ताळा जुळला, तर 'पोचले'. हे उत्तर आल्यावाचून पुढचा तुकडा निघतच नसे.

या युक्तीत एक उणीव होती. ९० चे ९१ झाले आणि त्याच वेळी ८० चे ७९ झाले, तर ताळा तोच राहतो. असा योग क्वचितच येई, पण येई. म्हणून पुढे ताळ्याची अधिक कसून पारख करणारी रीत तीत घालण्यात आली.

ख्रिस्टेन्सन यांनी आपली आज्ञावली सर्वांस फुकट देऊन टाकली. ही पद्धती एक्समोडेम या नावाने प्रसिद्ध झाली व नाना तऱ्हेच्या संगणकांवर पोचली. १९७८ च्या जानेवारीत शिकागोत प्रचंड हिमवर्षाव झाला. त्या दिवसांत त्यांनी रँडी स्यूस यांच्यासह संगणकावरील सूचनाफलक उभारण्याचे काम आरंभिले, आणि फेब्रुवारीत तो सर्वांसाठी खुला झाला. एका वेळी एकच माणूस दूरध्वनी करून तो वाचू शके!

२०२४ साली ख्रिस्टेन्सन निवर्तले. त्यांच्या काळातील संगणक हौशी लोकांनी आजही जपून ठेवले आहेत. आजच्या संकेतस्थळांवरील मजकूर गुप्त लिपीत येतो. ती उलगडण्याची रीत या वृद्ध यंत्रांस ठाऊक नाही आणि तेवढी स्मृतीही त्यांजपाशी नाही. म्हणून धनी हवी ती फाईल नव्या संगणकावर उतरवून घेतो, दोन्ही यंत्रे तारेने जोडतो आणि एक्समोडेम चालू करतो. या पद्धतीत पहिला शब्द घेणाऱ्याचा असतो. अद्याप काहीच आलेले नसते, तरी जुना संगणक 'पुन्हा पाठवा' म्हणतो. थोडा वेळ वाट पाहून पुन्हा तेच म्हणतो. आणि मग नव्या संगणकाकडून पहिली एकशे अठ्ठावीस अक्षरे निघतात.