पत्ती, गादी आणि मुलाचा अंगठा : क्लॅरिनेटच्या पहिल्या वर्षाविषयी

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. त्यांपैकी सुषिर म्हणजे नळीच्या पोकळीतील हवा कंप पावून ज्यांतून नाद निघतो ती वाद्ये. पाश्चात्त्य संगीतात ज्यांना ‘वुडविंड’ म्हणतात ती याच वर्गाची एक शाखा होय, आणि नावात लाकूड असले तरी धातूची पाश्चात्त्य बासरी व पितळेचा सॅक्सोफोन या शाखेतच मोडतात, कारण येथे नळी कशाची आहे यापेक्षा नाद कसा उत्पन्न होतो हे पाहिले जाते. बासरीत ओठांतून निघालेली हवेची धार छिद्राच्या कडेवर आपटते, सनईत एकमेकींना भिडलेल्या पत्त्या थरथरतात, तर क्लॅरिनेटमध्ये तोंडात धरायच्या टोकाला बांधलेली नळाच्या गवताची एकच पत्ती, जिला वादक ‘रीड’ म्हणतात, तेवढेच काम करते.

जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे 1700 च्या सुमारास योहान ख्रिस्टोफ डेनर याने घडवलेले हे वाद्य लष्करी बँडबरोबर भारतात आले आणि लग्नाच्या बँडमधून खेडोपाडी पोचले. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावात मुलाच्या कानावर सुषिर वाद्ये लहानपणापासूनच पडतात : दिवाळीत गायगोधनाच्या वेळी गोवारी मंडळींची बासरी, आणि लग्नसराईत वरातीच्या पुढे गाण्याची चाल उचलून धरणारे क्लॅरिनेट. बँडवाल्यांच्या वादनाला हलके लेखण्याची रीत अन्यायाची आहे. रस्त्यावर, ढोलताशांच्या दणक्यात, कागदावरचे स्वरलेखन समोर नसताना चाल शुद्ध ठेवणे ही मोठी विद्या आहे. या झाडीपट्टीतील मुलाला क्लॅरिनेट हवेसे वाटते ते याच विद्येमुळे, आणि प्रस्तुत लेखकाची चूकही या हवेसे वाटण्यातूनच सुरू झाली.

लेखकाच्या आठ वर्षांच्या भाच्याने वरातीत ऐकलेल्या वाद्याचा हट्ट धरला, तेव्हा बंद पडलेल्या एका बँड पथकातील जुने लाकडी क्लॅरिनेट, त्याच्या पेटीतील तीन नंबरच्या पत्त्यांसह, विकत घेण्यात आले आणि ते कोणाकडूनही तपासून न घेता मुलाच्या हाती देण्यात आले. पहिल्या आठवड्यात केवळ फुसफुस निघाली, दुसऱ्यात कर्कश किंकाळ्या निघू लागल्या, आणि महिनाभराने, घरात पाहुणे बसलेले असताना, ‘याच्या अंगात सूर नाही’ असे वाक्य लेखकाच्या तोंडून गेले. मुलाने वाद्य पुसले, पेटीत नीट ठेवले आणि पुन्हा उघडले नाही. पुढे पुष्कळ दिवसांनी एका जाणत्या वादकाने तेच वाद्य हाती घेतले, त्याचा वरचा सांधा वेगळा केला, त्यावरील सर्व छिद्रे बोटांनी मिटली, खालचे तोंड तळहाताने दाबून धरले आणि वरून हवा ओढून पाहिली. नळी बंद असेल तर आतली पोकळी क्षणभर ओढ धरून ठेवते, परंतु येथे हवा सरळ आत येत राहिली. एका चावीखालची गादी, म्हणजे छिद्र मिटवणारी मऊ गोल चकती, कडेला फाटली होती. पातळ कागदाची पट्टी तिच्याखाली ठेवून चावी मिटली तरी ती अलगद सुटून येत असे. असे वाद्य मुरलेल्या वादकाच्या हातीही नीट बोलले नसते. मुलाचा सूर कच्चा होता की नव्हता, हे त्या महिन्यात कोणालाच कळणे शक्य नव्हते.

वाद्यातील दोषाच्या जोडीला वयाचाही प्रश्न होता. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात मुखभागावर टेकतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून पत्तीखाली उशीसारखा राहतो. वरचे पुढचे चार कायमचे दात साधारणपणे सात ते नऊ या वर्षांत येतात, म्हणून ते पक्के होण्याआधी ओठांची ठेवण बसत नाही. प्रचारातील बी-फ्लॅट क्लॅरिनेट सुमारे 66 सेंटिमीटर लांब असते, लाकडी असल्यास त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते, आणि हा भार मुख्यतः उजव्या अंगठ्यावर येतो. आठ वर्षांचा अंगठा दहा मिनिटांत दुखू लागला की बोटे छिद्रांवरून सरकतात, सरकलेल्या बोटाखालून हवा निसटते आणि किंकाळी उठते. तीन नंबरची पत्ती कोवळ्या ओठांना जड असते; नवशिक्याला दीड किंवा दोन नंबरची पुरते.

यावरून जो क्रम लेखकाला आज योग्य वाटतो, तो बांबूच्या लहान बासरीपासून किंवा रेकॉर्डरपासून, म्हणजे शिटीसारखे तोंड असलेल्या आठ छिद्रांच्या साध्या वाद्यापासून, सुरू होतो. रेकॉर्डरमध्ये फुंकताच स्वर येतो, बासरीत तो शोधावा लागतो, आणि दोहोंतही छिद्र बोटाच्या टोकाने नव्हे तर गराने मिटायचे असते, हे हाताला कळते. मात्र यापुढे एक अडचण राहते, ती आधीच समजावून सांगावी. बासरीत जोर वाढवला की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो, पण क्लॅरिनेटची नळी सरळ असून एका टोकाला बंद असल्यासारखी वागत असल्याने अंगठ्याची चावी दाबताच षड्जावरून स्वर थेट वरच्या सप्तकातील पंचमावर उडी घेतो. त्यामुळे खालच्या आणि वरच्या स्वरांसाठी बोटांची ठेवण वेगवेगळी शिकावी लागते, आणि बासरीत तयार झालेले मूलही येथे गोंधळते; ते मंद झाले असा अर्थ घेऊ नये. पहिले काही महिने खालच्या मोजक्या स्वरांवरच, दिवसाला दहा-पंधरा मिनिटे घालवावीत. हार्मोनियमबरोबर वाजवायचे असल्यास बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा ‘सी’ हार्मोनियमवरील काळी पाचशी जुळतो, हे लक्षात ठेवावे. अन्यथा दोघेही बरोबर असून बेसूर वाटतात.

भंडारा जिल्ह्याचा उन्हाळा लाकडी वाद्याला मानवत नाही. कोरड्या उष्णतेने लाकूड चिरते, म्हणून मुलासाठी प्लॅस्टिकचे वाद्य घेण्यात कमीपणा नाही. वाजवून झाल्यावर पत्ती काढून कोरडी करावी, नळीतून फडके ओढावे आणि पेटी पत्र्याखाली तापू देऊ नये.

लेखकाच्या भाच्याने नंतर क्लॅरिनेट हाती घेतले नाही. जत्रेत घेतलेली बासरी मात्र तो वाजवतो, सहसा घरात कोणी नसताना. ज्यांच्या घरी आज एखादे मूल किंकाळणारे क्लॅरिनेट घेऊन बसले असेल, त्यांनी पत्ती बदलून पाहावी, वाद्याची नळी तळहाताने मिटून पाहावी, प्रत्येक गादीखाली कागदाची पट्टी ठेवून पाहावी, आणि तोपर्यंत मुलाच्या सुराविषयी एक शब्दही बोलू नये.