आमसुलाला पुटे कशासाठी?

मे महिन्यात गुहागर तालुक्यातील हेदवीसारख्या गावी अंगणात रातांब्यांची सोले उन्हात पडलेली दिसतात. रातांबा म्हणजे कोकमाचे पिकलेले फळ. ते फोडून बिया व गर काढतात, गराच्या रसात मीठ घालतात आणि साली त्यात बुडवून वाळवतात. वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटे दिली की आमसूल तयार! मृगाचा पाऊस तोंडावर असतो. सोले ओली राहिली तर बुरशी धरते. मग जी साल वाळवायची, तीच वारंवार भिजवायची हा उलटा उद्योग कशासाठी?

ताज्या सालीतील प्रत्येक पेशीला अर्धपार्य पटल असते. त्यातून पाणी जाते, पण आतले आम्ल व रंगद्रव्य सहजी बाहेर पडत नाही. बाहेर खारट रस असला की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. हे परासरण. पुढे मीठ, आम्ल आणि ऊन यांच्या माऱ्याने पेशी मरतात व पटलाचा पहारा उठतो. आता साल टिपकागदासारखी रस पिते. पाणी उडून जाते. आम्ल, रंग आणि मीठ मागे राहतात. म्हणजे पुटांनी वाळवण लवकर होत नाही, उलट लांबते. आमसुलाचा कस मात्र वाढतो.

मिठाची एक खोडही आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढते. कोकणातल्या पावसाळ्यात हे नित्याचेच, म्हणून बरणीचे झाकण घट्ट हवे.

सांगली जिल्ह्यात तासगावकडे बेदाणे करताना अडचण वेगळी. द्राक्षावरचा मेणाचा पातळ थर पाणी अडवतो. त्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व इथिल ओलिएट मिसळलेल्या पाण्यात बुडवतात. मेणाची ठेवण बदलते, पाण्याला वाट मिळते आणि वाळण्याचा काळ बराच घटतो.

घरी करून पाहा. कैरीच्या सारख्या जाडीच्या तीन फोडी घ्या. एक तशीच ठेवा, दुसरी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून पुसा, तिसरीला मीठ लावा. तिन्ही उन्हात ठेवून दर दोन तासांनी वजन करा व आलेख काढा. उकळत्या पाण्याने पेशींची पटले फुटतात. त्या फोडीचा उतार साध्या फोडीशी ताडून पाहा. मिठाच्या फोडीला सुटलेले पाणी मात्र टिपून मगच वजन करा, नाहीतर बाहेर आलेले पाणी आतलेच म्हणून मोजले जाईल.