विकतची लाल माती कशाला? यंदा पावसाळ्यात ताग-धैंचा पेरा
हाटकेश परिसरातील सोसायट्या आणि परसबागांसाठी हंगामी सल्ला

मृग नक्षत्र जवळ आले की हाटकेश, काशीमिरा भागातल्या सोसायट्यांत लाल मातीच्या गोण्या येऊन पडतात. ती माती बागेत पसरतात, वर्षभरात ती दगडासारखी घट्ट होते किंवा गटारात वाहून जाते आणि पुढच्या जूनला पुन्हा नवी मागवली जाते. कुठल्या तरी टेकडीवरून खरवडून आणलेली ही माती आपल्या जमिनीचा मूळ दोष दूर करत नाही. त्यासाठी यंदा पावसाळ्याचे पहिले दोन महिने जमिनीलाच द्या. त्या काळात हिरवळीचे खत पेरा आणि जागच्या जागी गाडा.

इथल्या मातीचे दुखणे

मीरा-भाईंदरची बरीच वस्ती जुन्या भातखाचरांवर, खाजणांवर आणि मिठागरांच्या शेजारी भराव टाकून उभी राहिली. त्यामुळे बागेत वीतभर खणले तरी मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे राबीट लागते आणि त्याखाली चिकट काळी माती असते. अशा जमिनीत सेंद्रिय कर्ब फार कमी असतो. राबिटातल्या सिमेंट-चुन्यामुळे सामू वाढतो, तर खाडीच्या बाजूला खारटपणाही असतो. उघड्या जमिनीवर मुसळधार पाऊस आपटला की माती दबते, वर कवच धरते आणि पाणी मुरत नाही.

दाट पेरलेले द्विदल पीक हा मारा अंगावर घेते. त्याची मुळे घट्ट थर फोडतात, मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात आणि गाडलेला पाला कुजून माती भुसभुशीत होते.

कोणते पीक कुठे?

- धैंचा: पाणी साचणाऱ्या, चिकट किंवा खारट जागेसाठी. पाणी आणि क्षार दोन्ही बऱ्यापैकी सोसतो.
- ताग: उंच वाफे, उताराची आणि निचऱ्याची जागा. वाढ झपाट्याने होते, तणही दबते. मुळाशी पाणी तुंबले तर मात्र पीक बसते.
- चवळी, मूग: गच्चीवरच्या मोठ्या कुंड्या आणि लहान वाफे. फुले येताच कापून तिथेच मिसळा.
- गिरिपुष्प (उंदीरमारी): कुंपणालगत लावा आणि कोवळा पाला छाटून वापरा. सुक्या पाल्यात सुमारे अडीच-तीन टक्के नत्र असतो.

पेरणी ते गाडणी

मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास पोहोचतो. त्याआधीच राबीट, प्लास्टिक, काचा वेचून काढा आणि वरची माती कुदळीने मोकळी करा. पाणी बाहेर जाईल असा चर आधीच ठेवा. क्षार धुऊन निघायचे तर निचरा हवाच.

हेक्टरी 50 ते 60 किलो बियाणे धरले तर 100 चौरस फुटांना 50 ते 60 ग्रॅम पुरते. धैंच्याचे बी कठीण कवचाचे असते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवा. तागाला आणि चवळीला चवळी गटाचे रायझोबियम चोळा (10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम हे प्रमाण). धैंच्यासाठी त्याच्याच गटाचे संवर्धन मागा. बी सावलीत सुकवून लगेच पेरा आणि हलकेच मातीआड करा.

महिनाभराने एखादे रोप अलगद उपटून मुळांवरची गाठ फोडून पाहा. आतून गुलाबी-लालसर दिसली तर नत्राचे काम सुरू आहे.

साधारण 45 ते 50 दिवसांनी, फुलांची सुरुवात होताच पीक कापा. चांगली वाढ झाली तर 100 चौरस फुटांतून 15 किलोच्या आसपास हिरवा पाला मिळतो. त्याचे वीतभर तुकडे करून वरच्या चार-सहा इंच मातीत मिसळा. इथे उशीर करू नका. खोड जून झाले की ते कुजायला वेळ लागतो आणि कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र वापरून टाकतात. वाफ्यात पाणी उभे असेल तर ते ओसरल्यावरच गाडा, नाहीतर दुर्गंधी सुटते.

त्यानंतर दोन ते तीन आठवडे थांबा. ऑगस्टच्या उत्तरार्धात वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे किंवा झेंडू लावता येतो. पाऊस ओसरल्यावर एखादा वाफा रिकामा राहिला तर त्यात वाल पेरा. ठाणे-रायगडचा शेतकरी भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल घेत आला आहे, ती रीत बागेतही चालते.

ही काळजी घ्या

- मोठ्या झाडांच्या बुंध्याशी खणू नका, मुळे तुटतात. तिथे कापलेला पाला आच्छादन म्हणून नुसता पसरा.
- माळीबुवांना आणि सोसायटीच्या समितीला आधी सांगा, वाफ्यात पाटी लावा. नाहीतर रान माजले म्हणून पीक उपटले जाईल.
- वाफ्यात पाणी साचून डास होऊ देऊ नका.
- औद्योगिक गाळ्यांजवळ जिथे तेल, रंग, रसायन सांडले आहे तिथे भाजी लावू नका. हिरवळीच्या खताने जड धातू जात नाहीत.
- सामू आणि क्षारता कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर आधी निचरा सुधारा.

कोवळा पाला लवकर कुजतो, त्यामुळे त्याचा लाभ एक-दोन हंगामच टिकतो. म्हणून दरवर्षी बागेचा एक भाग आळीपाळीने धैंचा-तागाखाली ठेवा आणि सोबत ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट घाला. सगळी बाग एकदम घ्यायची गरज नाही. जिथे काहीच जगत नाही असा कोपरा निवडा आणि लाल मातीची मागणी नोंदवण्याआधी बियाणे आणून ठेवा.